गुडघा गेला की भरतीही गेली!

गावागावांतल्या डांबरी रस्त्यांवर पहाटे साडेचारला गेलात तर काय दिसते? दुधाची गाडी येण्याआधी पोरं पळत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी सैन्यासाठी, तर कुणी तालुक्याच्या कबड्डी संघात नाव लागावे म्हणून. दोन-अडीच एकर कोरडवाहू जमीन, तीही भावकीत वाटलेली. अशा घरातल्या पोराला ही पळापळ म्हणजे शौक नव्हे. ती त्याची पेरणी आहे.

या पेरणीत बियाणे उत्तम, मेहनत भरपूर, पण मशागतीचा पत्ता नाही, असे आज चालले आहे. त्यावर सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि पालक या सगळ्यांनीच विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अलीकडे एक नवे खूळ गावात आले आहे. मोबाइलवर परदेशी खेळाडू कमरेइतक्या उंच पेटीवर उडी मारताना दिसतो. पोरं ते बघतात आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, शाळेच्या ओट्यावर, ट्रॉलीच्या फाळक्यावर उड्या मारायला लागतात. वरून खाली सिमेंटवर धपकन उतरतात. दिवसाला दोनशे, तीनशे उड्या! पंधरा दिवस बरे वाटते. मग नडगी दुखते, गुडघ्याखालची शीर ठणकते, आणि एक दिवस पाय वाकडा पडून गुडघ्यात 'टक' असा आवाज येतो. तिथे भरती संपते.

व्यायाम वाईट नाही, तो उत्तमच आहे. वाईट आहे ती तो करण्याची आपली रीत.

झटक्याची ताकद म्हणजे काय?

शेतकरी बंधूंनो, मोटारीची अश्वशक्ती तुम्हाला मी सांगायला नको. तोच हिशोब माणसालाही लागू आहे. पन्नास किलोचे पोते चार फूट उंच ट्रॉलीत चढवायचे आहे. एका गड्याने ते एका सेकंदात झटक्यासरशी टाकले, दुसऱ्याने कण्हत-कुथत तीन सेकंद घेतले. काम दोघांचेही सारखेच झाले. पण पहिल्याने पाऊण अश्वशक्तीपेक्षा थोडी जास्तच लावली आणि दुसऱ्याने जेमतेम पाव. पोते तेच, उंची तीच, फरक फक्त वेळेचा.

इंग्रजीत याला 'एक्स्प्लोझिव्ह स्ट्रेंग्थ' म्हणतात. आपण तिला झटक्याची ताकद म्हणू.

आता शंभर मीटरची धाव बघा. जोरात पळणाऱ्याचा पाय प्रत्येक पावलाला जमिनीवर सेकंदाचा साधारण दहावा हिस्साच टेकतो. स्नायूला आपली पुरी ताकद लावायला मात्र त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. म्हणजे पोरगा हजार बैठका मारणारा असला तरी ती ताकद बाहेर काढायला त्याला सवडच मिळत नाही. पाऊल उचललेसुद्धा जाते! म्हणून बैठकांच्या राशी घालणारा गडी शंभर मीटरला मागे पडतो आणि किडकिडीत पोरगा पुढे निघून जातो.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर धावण्यास वीस गुण, १०० मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. बेरीज करा. १०० मीटर आणि गोळा मिळून तीस गुण झटक्याच्या ताकदीचे! पण आपली पोरं रोज सकाळी करतात काय, तर फक्त लांब पळतात. सैन्याच्या भरतीत नऊ फुटी खड्डा ओलांडायचा असतो, तोही झटक्याचाच खेळ. मशागत एका पिकाची आणि अपेक्षा दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

हे आले कुठून?

उड्यांच्या या व्यायामाला 'प्लायोमेट्रिक' म्हणतात. त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो सोव्हिएत रशियातल्या युरी व्हेर्खोशान्स्की या प्रशिक्षकाने, १९६० च्या दशकात. ठरावीक उंचीवरून खाली उतरायचे आणि पाय टेकताच क्षणात पुन्हा वर उसळायचे, ही त्याची पद्धत. नाव मात्र अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी १९७५ च्या सुमारास रूढ केले.

त्यामागचे तत्त्व आपल्या रबरी बेचकीतही आहे. बेचकी आधी मागे ताणता, मग खडा सुटतो. स्नायू आणि त्याला हाडाशी बांधणारी शीर आधी ताणली गेली आणि लगेच आखडली, तर नुसत्या आखडण्यापेक्षा जास्त जोर मिळतो. मध्ये वेळ गेला की तो ताण वाया जातो. बेचकी ताणून तासभर धरून बसलात तर चिमणीही उडून जाईल आणि रबरही सैल होईल.

पण लक्षात घ्या. व्हेर्खोशान्स्की यांनी उंचावरून उतरण्याचा व्यायाम दिला तो वर्षानुवर्षे वजन उचलून तयार झालेल्या खेळाडूंना. बोर्डाचा निकाल लागल्यावर तयारी सुरू केलेल्या पोराला नव्हे. उडी मारून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. साठ किलोच्या पोराच्या पायावर दोनशे-अडीचशे किलो! तो भार झेलायला मांडी, कुल्ला आणि पोटरी तयार नसेल तर तो जातो कुठे? गुडघ्यात.

आपल्या खेळात हे होतेच की!

"जुन्या पैलवानांनी कुठे असले काही केले होते?" असे तालमीतली जाणती माणसे विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की त्यांनी केले होते, फक्त त्याला नाव नव्हते. कुस्ती म्हणजे झटक्याचाच खेळ. पट काढायला, ढाक मारायला किती वेळ लागतो? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच समोरचा आसमान बघतो.

पण तालमीत तीन गोष्टी होत्या. हौदातली माती रोज खणून मऊ केलेली असे. नव्या पोराला वर्ष-वर्ष जोर-बैठकांवरच ठेवून मग डावपेच शिकवीत. आणि डोळ्यांत तेल घालून बघणारा वस्ताद कडेला बसलेला असे. मऊ जमीन, सबुरी आणि वस्ताद. आज माती गेली, डांबर आले. सबुरी गेली, तीस दिवसांत तयारी आली. वस्ताद गेला आणि खिशातला मोबाइल वस्ताद झाला. मोबाइल उडी दाखवतो. तुमच्या पोराचा गुडघा उतरताना आत वळतोय, हे त्याला दिसत नाही.

लहान पोरांचे खेळ बघा. लंगडी, ठिकरी, सूरपारंब्या, दोरीच्या उड्या. हे सगळे प्लायोमेट्रिकच आहेत. ही पोरं मातीत वाढायची, तेव्हा दहा-बारा वर्षांपर्यंत पायाची लवचीक ताकद आपोआप तयार व्हायची. खो-खो तर याचा मुकुटमणीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. म्हणजे या मातीत ताकद आहे. कमी आहे ती ती राखण्याची.

मोठ्या खेळाडूलाही चुकत नाही

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याचा पोरगा, सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते. म्हणजे पळता पळता ३५ वेळा उडायचे आणि ३५ वेळा उतरायचे! जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवरच त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. आतला मुख्य अस्थिबंध, म्हणजे डॉक्टर ज्याला 'एसीएल' म्हणतात तो, फाटला. शस्त्रक्रिया करावी लागली.

साबळेसारख्या कसलेल्या खेळाडूवरही ही वेळ येऊ शकते. पण त्याच्यामागे सैन्य आहे, डॉक्टर आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत. तुमच्या-आमच्या गावातल्या पोरामागे कोण आहे? मालीश करणारा एक म्हातारा आणि "एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, काही झालं नाही" असे सांगणारे दहा जण.

इथेच मोठी फसगत होते. एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. गुडघ्यात आवाज आला, दोन-चार तासांत तो भोपळ्यासारखा सुजला, आणि पुढे वळताना पाय 'निसटल्यासारखा' वाटू लागला, तर हाड शाबूत असूनही आतले बंधन तुटलेले असू शकते. अशा पायाला मालीश करू नका, ओढू नका. विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, पाय उशीवर उंच. आणि लवकरात लवकर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

मुलींच्या बाबतीत तर आणखी जपायला हवे. उडी आणि वळण असलेल्या खेळांत हा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट, काही खेळांत त्याहून अधिक असतो. समाधानाची गोष्ट अशी, की नीट उतरायला शिकवले आणि मांड्या-कुल्ले बळकट केले तर या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम, तोही बिनपैशाचा. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी एवढे तरी मनावर घ्यावे.

वापसा येऊ द्या

ऑपरेशन झाले, टाके निघाले, तीन महिन्यांत पोरगा चालायला लागला. घरची मंडळी म्हणतात, "झालं बरं. पुढच्या भरतीला उतर." बंधूंनो, पाऊस पडला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी पाभर घेऊन रानात जातो का? वरून जमीन सुकलेली दिसते, आत चिखल असतो. वापसा येईपर्यंत आपण थांबतोच ना? गुडघ्यालाही वापसा लागतो. नवा बसवलेला अस्थिबंध वरून बरा वाटतो, आतून पक्का व्हायला कित्येक महिने घेतो.

नऊ महिन्यांच्या आत उडीच्या आणि वळणाच्या खेळात उतरू नये, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे दिसले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका पुढे ढकलला, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्मा होत गेला. उलट घाईने परतणाऱ्या तरुण खेळाडूंत साधारण चौघांतला एक जण पुन्हा गुडघा घालवून बसतो. कधी तोच, कधी दुसरा.

पण नुसते नऊ महिने खाटेवर बसूनही चालत नाही. तण माजलेले रान आपोआप पिकत नसते. आधी सूज उतरवायची, पाय पूर्ण सरळ करायचा, मांडीची ताकद परत आणायची. मग दोन पायांवर हलकेच उतरणे. मग बुटक्या पायरीवर उडी मारून वर जाणे, कारण वर चढताना दणका कमी बसतो. मग जागच्या जागी उड्या, मग पुढे, मग एका पायावर, मग आडव्या. शेवटी कुणी अचानक "डावीकडे!" म्हणाले की वळणे. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी खाली.

परीक्षा कशी घ्यायची? आपल्या लंगडीनेच! चांगल्या पायावर एक लांब लंगडी मारा, अंतर मोजा. मग दुखऱ्या पायावर मारा. दुखरा पाय चांगल्याच्या शंभरात निदान नव्वद गेला पाहिजे. मोठ्या दवाखान्यांतही हीच चाचणी घेतात, फक्त तिथे फरशीवर पट्टी लावलेली असते. मात्र ही परीक्षा डॉक्टरने किंवा फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावरच.

आणि एक गोष्ट वयस्करांसाठी. झटक्याची ताकद पोरांपुरतीच नाही. वय वाढले की साध्या ताकदीआधी ही झटक्याची ताकद ओसरते. बांधावर पाय घसरला की तरुण माणूस चटकन दुसरा पाय टाकून सावरतो. म्हाताऱ्याला पाय टाकायचे कळते, पण पाय वेळेत जात नाही. मग खुबा मोडतो. म्हणून साठीच्या माणसाने उड्या मारायच्या नाहीत, पण खुर्चीतून हात न टेकता चटकन उठायचे आणि सावकाश बसायचे. आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. हृदयाचा किंवा सांध्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारून. एवढ्यानेही फरक पडतो.

तयारी करणाऱ्या पोरांनी काय करावे?

पहिले चार ते सहा आठवडे फक्त पाया. दप्तरात वाळू घालून सावकाश बैठका, पायरीवर एका पायाने चढ-उतार, टाचा उचलणे, आणि कुणी तरी घोटे धरून गुडघ्यावरून पुढे हळूहळू झुकणे. या शेवटच्या व्यायामाने मांडीच्या मागची शीर भरण्याच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात. त्याच काळात उतरायला शिकायचे. आवाज न करता, मांजरासारखे. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आत वळलेले नकोत. धप्प आवाज आला की ती उडी चुकली.

मग उड्या, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान दोन दिवसांची सुट्टी. नवख्याने एका दिवसात ऐंशी-शंभरापेक्षा जास्त वेळा पाय टेकवू नयेत. वीस-तीस मीटरच्या पाच-सहा जोरदार धावा, प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटे विश्रांती. इथे घाम किती गळला याला किंमत नाही. धाव मंदावली, उडी खुजी झाली की त्या दिवसाचे काम संपले. थकलेल्या पायाने मारलेली उडी म्हणजे पडत्या व्होल्टेजवर चालवलेली मोटार. पाणी तर निघत नाहीच, वाइंडिंग मात्र जळते.

ग्रामपंचायतीला विनंती

आता मुद्द्याचे. कित्येक गावांत चौकात किंवा मंदिरामागे रंगीत लोखंडी यंत्रांची खुली व्यायामशाळा उभी आहे. उद्घाटनाची पाटी चकचकीत, यंत्रांचे बेअरिंग गंजलेले. सकाळी त्यावर शेळ्या नाहीतर शेंबडी पोरं. या यंत्रांवर शंभर मीटरचा एक गुण वाढत नाही. पैसा गेला, हाती काय आले?

माझे मागणे मोठे नाही. शाळेच्या मैदानाच्या कडेला चारशे-पाचशे फूट लांबीचा पट्टा नांगरून, दगड वेचून, मुरूम-माती टाकून, रोलर फिरवून सपाट करा. गावातलाच ट्रॅक्टर आणि एक दिवस श्रमदान. त्याच्या टोकाला उडीचा खड्डा खणून फूट-दीड फूट स्वच्छ वाळू भरा आणि आठवड्याला फावड्याने उकरून मोकळी ठेवा. दोन गोळे, दोन दोऱ्या, एक मोजपट्टी. क्रीडांगण आणि व्यायामशाळेसाठी अनुदानाच्या योजना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे असतात. ग्रामसेवकांनी एक अर्ज करून तर बघावा. येत्या ग्रामसभेत गटारी-दिव्यांच्या जोडीला हा विषय घ्या आणि ठरावात लिहा, की पोरांनी डांबरावर नव्हे, या पट्ट्यावर पळावे.

दुसरे मागणे ग्रामीण रुग्णालयासाठी. गुडघ्याचे ऑपरेशन तालुक्याला किंवा जिल्ह्याला होते, पण पुढचे सहा-नऊ महिने व्यायाम करून घेणारा माणूस जवळ नसतो. दर फेरीला एसटीचे भाडे आणि एक रोज बुडतो, म्हणून पोरं तिसऱ्या खेपेनंतर जायचेच बंद करतात. आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट ग्रामीण रुग्णालयात बसला पाहिजे. जिल्हा परिषद सदस्यांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा. तालुक्यात जनावरांचे लसीकरण शिबिर होते, तसे वर्षातून एकदा पोरांच्या गुडघ्या-घोट्यांची तपासणी व्हायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, हे ग्रामपंचायतीचे काम नव्हे. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा लोकवर्गणीतून पैसा उभा राहिला. त्यातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. तेव्हाच्या गावकऱ्यांकडे आपल्यापेक्षा पैसा जास्त होता काय? नव्हता. पोरगा आपला आहे, एवढेच त्यांना कळत होते.

बैलाचा पाय मुरगळला तर आपण औत सोडतो, त्याला आठ-पंधरा दिवस गोठ्यात बांधतो, डॉक्टरला बोलावतो. पोराचा पाय मुरगळला तर म्हणतो, "पळ, पळ, आपोआप सुटेल." भरती पुन्हा निघेल. गुडघा पुन्हा निघत नाही. पुढची जाहिरात येण्याआधी निदान एक ट्रॉली वाळू शाळेच्या मैदानात पडू द्या.